कोकरं माळावर वाढवावीत की गव्हाणीवर?

खाटकासाठी नर कोकरं तयार करायची म्हटलं की सोलापूर भागात दोनच वाटा. दिवसभर माळावर चारून संध्याकाळी थोडा खुराक, नाहीतर दूध तुटल्यापासून सहा महिन्यांची होईपर्यंत शेडात गव्हाणीवर. मी दख्खनी कोकरांवर दोन्ही करून बघितलंय.

खर्चाचं गणित सगळ्यांना पाठ असतं: माळ फुकट, मक्याचा भरडा आणि सरकी पेंड विकत. चवीतही चरलेलं किंचित उजवं. रस्सा केला की कळतं, उगाच नाही म्हणणार नाही. मांस मात्र शेडातल्याचं मऊ निघतं. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात व्यापारी आधी कंबरेवर बोटं दाबून बघतो, आणि त्या बोटांना गव्हाणीवरचं कोकरू भरलेलं लागतं.

तरीही मी माळावरच राहिलो असतो. मला हटवलं ते कुसळानं. पाऊस सरला की नान्नजकडच्या गवताळ रानात ते पिकतं आणि दख्खनीच्या लोकरीत अडकतं. नुसतं अडकून राहिलं असतं तर चाललं असतं. पण त्याच्या शेपटाला पीळ असतो. दव लागलं की ते फिरतं आणि टोक कातडीत घुसतं. ऐन अंग धरायच्या दिवसांत कोकरू चरायचं सोडून कुंपणाला अंग घासत बसतं, जखमेत किडे पडतात. रात्री बॅटरी धरून मांडीतली, पापणीजवळची कुसळं उपटायची, आणि वर बाजारात त्याच डागांवर बोट ठेवून भाव पाडून घ्यायचा! माडग्याळ जातीच्या मेंढीला लोकर कमी, म्हणून हा त्रासही कमी असावा. पण त्या कोकरांचा भाव ऐकूनच मी मागे फिरलो.

शेडाचीही दुखणी आहेत. दाणा एकदम वाढवला तर आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगानं, नेमकं सगळ्यात खादाड कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. म्हणून लस आधी, आणि भरडा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवायचा. नुसत्या दाण्यावर नरांना मुतखडा होतो; कडबा, तुरीचं भुसकट आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. हे सगळं निदान आपल्या हातातलं आहे.

तुमच्या रानात कुसळ नसेल आणि घरात चारणारं माणूस असेल, तर माळ सोडा असं मी म्हणणार नाही. चारणारच असाल तर नवरात्राच्या आत लोकर कातरून घ्या.