खाऱ्या पाण्याची टाकी, कोल्हापुरात: ११ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी माझ्या समुद्री माशांच्या टाकीत पहिल्यांदा मीठ पडलं. म्हणजे आता ११ महिने होत आले. दिवाळीतच अनुभव लिहायला बसले होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं टाकीवरच्या लाइटचं कौतुक झालं असतं. आज ज्या वस्तूंना मी मानते, त्यांच्याकडे दुकानात माझं लक्षही गेलं नव्हतं.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच १० मिलिमीटर. खाली दोन फुटी संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी. दगड-वाळू सोडून दोन्हींत मिळून साधारण १६० लिटर पाणी फिरतं. सगळं वजन ३०० किलोच्या घरात जातं, म्हणून तयार लाकडी कपाट न घेता स्टँड शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. चौकोनी लोखंडी पाइप, वरून पावडर कोटिंग. वेल्डिंगवाले मामा म्हणाले, "ताई, ह्येच्यावर म्हस हुबी करा, हलायचं न्हाई." खरंच, सूतभरही हललेला नाही. पण मिठाचं गणित त्यांनाही नवीन होतं आणि मलाही. संपातले बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात, पाणी सुकतं आणि कडेकडेनं मीठ फुलत जातं. दाराच्या बिजागऱ्या दोन महिन्यांत गंजल्या. आता स्टेनलेसच्या आहेत, आणि दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसणं हा टाकीच्या कामाचाच भाग झालाय.

आता मुख्य गोष्ट. खाऱ्या टाकीत सगळ्यात जास्त जपावं लागतं ते गोडं पाणी. टाकीतलं पाणी रोज उडून जातं, मीठ मात्र मागंच राहतं. १६० लिटरमधले ८ लिटर उडाले की ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याचीच, आणि ते पाणी कोरं असावं लागतं, कारण त्यातून जे काही येईल ते टाकीतच साठत जाणार. मला विक्रेत्यानं सांगितलं होतं की घरचा आरओ चालतो. मी ऐकलं. आमच्या प्युरिफायरला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा नॉब आहे. मीटर ५०-५५ दाखवत होतं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दगडांवर हिरवे केस, म्हणजे शेवाळ, उगवले, बोटभर लांब. टूथब्रशनं घासले की आठवड्यात परत. नव्या टाकीत आधी तपकिरी थर येतो तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि आपोआप जातो. हे तसलं नव्हतं.

मग आरओडीआय, म्हणजे पाणी पार कोरं करणारं फिल्टर, घेतलं. चार टप्पे: सेडिमेंट (गाळ अडवणारं), कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे). नळाचं १२० चं पाणी त्यातून शून्य होऊन बाहेर पडतं. बोअरचं मोजलं तर ६०० च्या वर निघालं, म्हणून त्याला हातच लावत नाही. रेझिन बघता बघता संपेल. जे पाणी वाया जातं ते पिंपात धरून फरशी आणि कुंड्यांना वापरतो. एक गोष्ट इथल्यांनी ध्यानात ठेवायला हवी. सेडिमेंटचं काडतूस उन्हाळ्यात मला चार महिने पुरलं. जुलैत नळाला गढूळ पाणी सुरू झालं आणि तीन आठवड्यांत ते पांढऱ्याचं चहाच्या रंगाचं झालं. पावसाळ्याआधी दोन काडतुसं घरात आणून ठेवा. आरओडीआय आल्यावर केस जायला अडीच महिने लागले. लाइट मी आधी घेतला होता आणि हे नंतर. क्रम उलटा हवा होता, हे मनापासून सांगते.

याच पाण्याच्या जोडीला एटीओ, म्हणजे आपोआप भर घालणारं यंत्र. संपात पातळी उतरली की सेन्सर छोटा पंप चालू करतो आणि २० लिटरच्या कॅनमधून भर पडते. मेमध्ये पंखे लावल्यावर दिवसाला ४ लिटर लागत होते, सध्या जेमतेम एक. हा कॅन रिकामा दिसला म्हणून सासूबाई एकदा पिण्याचं पाणी ओतायला निघाल्या होत्या. हातात तांब्याचा हंडा. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि म्हटलं, "आई, थांबा, ते पाणी नको!" त्या दचकल्याच. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाला चालतं, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही, आणि दगडात एकदा मुरलं की निघता निघत नाही. त्या दिवसापासून कॅनवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि भर घालायचं काम आईंनीच हौसेनं आपल्याकडे घेतलंय. पांढऱ्या पिंपातलंच पाणी, पांढऱ्याच मगानं.

विजेचं सांगायचं तर वळीव आठवतो. एप्रिलमधली संध्याकाळ, वारं सुटलं, लाइट गेली. वीज गेली की संपातलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि त्याच पाइपातून वरचं पाणी उलटं संपात ओढलं जातं. ही ओढ तोडायला पाइपाच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, बारीक भोक पाडलेलं असतं. पातळी तिथं उतरली की हवा शिरते आणि पाणी थांबतं. आमच्या भोकावर नेमकी टर्बो गोगलगाय चिकटून बसली होती. मेणबत्ती शोधेपर्यंत पायाला पाणी लागलं. सगळ्या चादरी, टॉवेल फरशीवर. आता दोन भोकं आहेत, दोन्ही दर आठवड्याला टूथपिकनं साफ करते. संपाच्या काचेवर लाल टेप लावलाय. पंप चालू असताना पाणी त्या टेपच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग दोन्ही भोकं बुजली तरी खाली आलेलं पाणी संपात मावतं. हे मी पंप बंद करून चार वेळा तपासलंय. नवीन टाकी लावणाऱ्यानं पहिल्याच दिवशी तपासावं.

घरच्या इन्व्हर्टरवर पंप घरघरत आणि तापत होता, कारण तो इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी वीज देणारा, नाही. त्याऐवजी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप) २४ व्होल्ट डीसीचा घेतला आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून घेतल्या. वीज नसताना तेवढा एक फिरत राहिला, पृष्ठभाग हलता राहिला, की प्राणवायू मिळतो. जूनमध्ये एका रात्री सहा तास वीज नव्हती. सकाळी सगळे जिवंत होते.

तापमान. चिलर सुचवला होता, मी घेतला नाही आणि त्याचं समाधान आहे. मेमध्ये पाणी साडेएकोणतीसवर गेलं. दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे पाण्यावर तिरके लावले आणि ते २७ च्या खाली आलं. आपल्याकडं उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून पाणी उडून गारवा येतो. कोकणातल्या दमट हवेत हेच पंखे एवढं काम करणार नाहीत. हिवाळ्यात मात्र हीटर लागतोच. जानेवारीत आमच्या हीटरचा थर्मोस्टॅट चालूच अडकला, पहाटे काटा ३१ वर. तेव्हापासून हीटर वेगळ्या कंट्रोलरमधून जातो. एक बिघडला तर दुसरा तोडतो. स्किमर (फेसाबरोबर घाण वेगळी करणारं यंत्र) ठीक आहे, काळं घाण पाणी काढतो, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

जीव भरताना घाई केली नाही. सायकलिंगला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला, सहा आठवडे दिले. जाळीच्या पिशवीत एक कोळंबी कुजत ठेवून अमोनिया, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्य आणि नायट्रेट शिल्लक, असं चक्र पुरं झाल्यावर नोव्हेंबरात दोन क्लाऊन मासे आणले. मुद्दाम हॅचरीत जन्मलेले मागितले. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाऊनच्या अनेक जातींचं प्रजनन आपल्याकडं यशस्वी केलंय, मग समुद्रातून पकडलेले कशाला? मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं, पहाटे तावडे हॉटेलजवळ उतरवून घेतलं. इतका वेळ बंद असलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळं अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवायचं, क्षारता आधीच विचारून तेवढीच ठेवायची आणि मासे लगेच सोडायचे.

प्रवाळांत माझ्याकडे फक्त मऊ जाती आहेत: झोअँथस, मशरूम, एक लेदर. फोनवर टणक प्रवाळांचे तुकडे आणि समुद्रघोडे विकायला आले होते, स्वस्तही होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षित यादीत टणक प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखे प्रवाळ) आणि समुद्रघोडे येतात. मी स्पष्ट नाही म्हणाले. दगडही समुद्रातले नाहीत, सिरॅमिकचे आहेत. ते जांभळे व्हायला वेळ लागतो, पण सातव्या महिन्यात पहिले कोरलाइन या जांभळ्या शेवाळाचे ठिपके दिसले. झोअँथसला हात लावताना हातमोजे घालाच, आणि त्यांचा दगड गरम पाण्यात कधीही उकळू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, वाफेतूनही बाधतं.

दर रविवारी १६ लिटर पाणी बदलते, मीठ पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास लागतं, आदल्या रात्री कालवून पंपावर फिरत ठेवते. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावर जुळवून घेते, नुसत्या कोऱ्या पाण्यावर नाही. अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणारे क्षार) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या जवळ. मऊ प्रवाळांना एवढ्यावर भागतं, वेगळे डोस लागले नाहीत. विजेला हीटर सोडून महिन्याला ६५ युनिटच्या आसपास धरा.

मार्चमध्ये क्लीनर कोळंबी वाळूवर आडवी पडलेली दिसली. मिशा, पाय, पाठीवरची रेघ, सगळं जागच्या जागी, हालचाल नाही. मुलगा रडवेला झाला. चिमट्यानं उचलली तर वजनच नाही. काचेसारखी पोकळ कात होती. खरी कोळंबी दगडाच्या कपारीत नव्या लाल रंगात बसून होती. आता दर तीन-चार आठवड्यांनी कात सापडते, त्यानं सगळ्या एका डबीत जपून ठेवल्यात.

गेल्या आठवड्यापासून क्लाऊनची मोठी मादी लेदरच्या घडीत झोपायला जाते. त्या बाजूचे पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव) तिच्या घासण्यानं मिटलेले आहेत, दुसऱ्या बाजूचे उघडतात. प्रवाळ हलवावा की राहू द्यावा हे अजून ठरवलं नाही. रोज रात्री लाइट जायच्या आधी उघडलेले पॉलिप मोजते. काल कालच्या आदल्या दिवसापेक्षा सहा जास्त होते.