ख्रिस्ती शिक्षणातलं एम.ए.: चौदा महिन्यांचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि एकोणीस वर्षं आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग) बघते. मागच्या वर्षी जानेवारीत ख्रिस्ती शिक्षणातल्या दोन वर्षांच्या एम.ए.ला नाव घातलं. मंडळीतली सेवा न सोडता शिकता यावं असाच हा अभ्यासक्रम आहे. दर सत्रात दहा दिवस संस्थेत मुक्काम, बाकीचं वाचन आणि निबंध घरून. दोन सत्रं झाली, तिसरं चालू आहे. महिला मंडळातल्या दोघी-तिघी आणि शेजारच्या मंडळीचे पाळकसाहेब विचारत होते, "करावं का?" म्हणून सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तक्रारीही सांगायच्या आहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आम्हा शिक्षकांना ज्ञानरचनावादाची किती प्रशिक्षणं झाली! मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करा, त्याला बोलू द्या, उत्तर त्याला शोधू द्या. आठवडाभर मी वर्गात तेच करत होते. आणि रविवारी सकाळी त्याच मुलांना ओळीत बसवून गोष्ट सांगायची, सुवर्णवचन पाठ करून घ्यायचं, चित्र रंगवायला द्यायचं. देवाच्या वचनाला हात लावायला मी घाबरत होते, हे मला पहिल्या मुक्कामात कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्या सत्रात बॉस्टन कॉलेजचे टॉमस ग्रूम यांची १९८० साली मांडलेली शिकवण्याची पद्धत अभ्यासायला होती. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. आपण रोज काय जगतो ते आधी बोलायचं. ते तसं का आहे याचा विचार करायचा. मग शास्त्रातली गोष्ट आणायची. आपलं जगणं आणि ती गोष्ट समोरासमोर ठेवायची. आणि शेवटी, आता आपण काय करणार ते ठरवायचं. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूनं हेच केलं. "तुम्ही काय बोलत चालला आहात?" हे आधी विचारलं, शास्त्र नंतर उलगडलं. लूकचा चोविसावा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण सुरुवातीचा तो प्रश्न कधी नजरेत भरला नव्हता.

ही पद्धत खरी उमगली ती यंदाच्या गाळप हंगामात. आमच्या गावाजवळ साखर कारखाना आहे. जालना-बीडकडची आपली काही ख्रिस्ती कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला येतात आणि त्यांची मुलं रविवारी आमच्याकडे असतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला घ्यायचा होता. तो मी पूर्वी अनेकदा शिकवलेला, 'देवाची कृपा सर्वांना सारखी' असं फळ्यावर लिहून. या वेळी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. फक्त विचारलं, "काम कसं मिळतं रे?"

अर्धा तास मुलंच बोलत होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, टोळी, पहाटे भरायची गाडी. मग दाखला वाचायला घेतला. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलानं लगेच विचारलं, "बाई, त्यांना उचल किती दिल्ती?" उचल नव्हती, दिवसाची मजुरी दिवसालाच दिली, असं सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प झाला. "मग ते मोकळेच होते की."

दिवस मावळायला आला तरी कुणी कामावर न लावलेली माणसं कोण असतील, असं मी विचारलं. आजवर मीच उत्तर द्यायचे, उशिरा विश्वास ठेवणारे. मागं बसलेली एक मुलगी म्हणाली, "म्हातारे असत्याल, नाहीतर पोटुशी बाई. मुकादम आधी दांडगे गडी उचलतो." तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ झोपला होता. मालकानं त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली हे तिला ठाऊक नव्हतं. तो भाग वाचला तेव्हा ती हसली, आणि मला पुढचं नीट वाचता येईना.

त्या एका रविवारासाठी मी दोन्ही वर्षांची फी पुन्हा भरेन.

दुसऱ्या सत्रातला पाठ्यक्रमाचा विषयही मोलाचा निघाला. शिक्षणतज्ज्ञ इलियट आयस्नर यांनी १९७९ मध्ये मांडलं की शाळा तीन अभ्यासक्रम शिकवते: उघड, छुपा आणि न शिकवलेला. जे आपण टाळतो, तेही मुलं शिकत असतात. निबंधासाठी मी माझ्या तीन वर्षांच्या पाठ-वह्या काढल्या. दावीद आणि गल्याथ दरवर्षी. अब्राहामाच्या घरातून घालवून दिलेली दासी हागार एकदाही नाही. मरणाबद्दल एकही पाठ नाही, आणि त्याच तीन वर्षांत वर्गातल्या दोन मुलांचे वडील गेले. जातीबद्दल तर एक ओळ नाही. आपल्या मंडळ्यांतही कोण कुठल्या वाड्यातून आलं, हे लग्न जुळवताना बरोबर आठवतं. मुलं हे बघतात आणि आम्ही रविवारी त्यावर गप्प. मंडळीच्या पंचकमिटीपुढे हे मी मांडलं. दोघांना राग आला, पण आता दृढीकरणाच्या (मोठ्या मुलांनी आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात त्यावर एक पाठ आहे.

माणसाचा विश्वास टप्प्याटप्प्यानं वाढतो असं मांडणारे जेम्स फाउलर यांचे टप्पे मात्र मला पूर्ण पटले नाहीत. त्यांत पुढे जाणं म्हणजे स्वतःचा विश्वास स्वतः तपासून उभा करणं. आमच्याकडे माणूस आजीच्या मांडीवर बसून विश्वास शिकतो आणि घरादारासकट तो जगतो. याला मागचा टप्पा म्हणायला माझं मन घेत नाही. तसं निबंधात लिहिलं, तर गुण चांगले मिळाले, हे शिक्षकांच्या मोठेपणाचं.

आता तक्रारी. पहिल्या निबंधावरचा शेरा तीन महिन्यांनी आला, तोवर दुसरा देऊन झाला होता. ऑनलाइन ग्रंथालयाचा पासवर्ड सत्र संपता संपता मिळाला. नोकरी, घर आणि मंडळी सांभाळून रात्री दहानंतर वाचणाऱ्या माणसाला हे फार जड जातं.

पण खरं दुखणं भाषेचं आहे. वाचन सगळं इंग्रजी. मी आधी मराठीत लिहिते, मग इंग्रजीत आणते, म्हणजे प्रत्येक निबंध दोनदा. नंदुरबारकडचे एक पाळक माझ्या वर्गात आहेत. घरात भिलोरी, उपदेश मराठीत, निबंध इंग्रजीत. आमच्या वर्गात त्यांच्याइतकं खोल बोलणारं कुणी नाही आणि गुण मात्र त्यांनाच कमी.

इतिहासाचंही तेच, तिथंही आपलं काही नाही. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये कामाला जुंपलेल्या पोरांसाठी रविवारची शाळा काढली, कारण त्यांना तेवढाच एक दिवस मोकळा होता, आणि तिथं लिहाय-वाचायला शिकवत. हे वाचून मला आमची ऊसतोडीची मुलंच आठवली. पण १८२७ मध्ये मुंबईत उतरून पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाई वाचनात नाहीत. नगर भागातलं ख्रिस्ती कीर्तन नाही. पूर्वरंगात विषय उलगडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं, तेही मंडळीच्या तोंडच्या चालीत. प्रौढांना शिकवायची ही आपली तयार रीत आहे. प्रबंधासाठी मी तोच विषय मागितला आणि मिळाला.

ज्यांना करायचं आहे त्यांनी एक विचारून घ्या: संस्था धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे की तिला एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे? दुसरी असेल तर ती धर्मशिक्षण संस्थांची आपसातली मान्यता, यूजीसीची नव्हे. सेवेसाठी तिनं काही अडत नाही. पुढे विद्यापीठात पीएच.डी. करायची असेल तर आधी लेखी खात्री करा. आणि हाताशी वर्ग नसेल तर थांबा. आठवड्याला शिकवायला मुलं नसतील तर यातलं निम्मं कागदावरच राहील.

गेल्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. मुलं गावी निघाली. त्या मुलीनं जाताना विचारलं, "बाई, गावाकडं पण असंच शिकवतील का?" तिच्या गावच्या पाळकांचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे. माझ्या वहीतले नऊ पाठ झेरॉक्स करून याच आठवड्यात त्यांना पाठवते.