आवाज पंख्याचा होता, पैसे गॅसचे आणि कॉम्प्रेसरचे गेले

फ्रिज व्यवस्थित गार करतोय, तक्रार फक्त आवाजाची आहे आणि तपासायला आलेला माणूस म्हणतोय की गॅस कमी झालाय. अशी वेळ आली तर त्याला तिथेच थांबवा. गॅस भरायला, नळी कापायला, कॉम्प्रेसर (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारी मागची मोटर) काढायला होकार देऊ नका. आमच्या घरी हेच झालं आणि चालता कॉम्प्रेसर हातचा गेला. त्या माणसाने दाखवलेला प्रत्येक पुरावा बघताक्षणी पटेल असाच होता, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

आमचा फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, बराच जुना. आतल्या माहितीच्या पट्टीवर गॅस आर-१३४ए (गारवा आणणाऱ्या गॅसचा प्रकार) असं छापलेलं. आधी रात्रीची घरघर ऐकू यायची, पुढे दिवसाही येऊ लागली. मधूनच काहीतरी पात्याला घासल्यासारखी खरखर व्हायची. वरचं दार उघडलं की आवाज बंद, दार लावलं की थोड्या वेळात पुन्हा सुरू. बर्फ होत होता, खालचा कप्पाही नीट गार होता. ही एवढी माहिती कोणत्याही प्रामाणिक कारागिराला पुरेशी आहे, आणि आम्ही ती त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली होती.

आईने इंटरनेटवर फ्रिजच्या कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. फोन उचलणाऱ्याने कंपनीचंच नाव घेतलं, तक्रार क्रमांकही दिला. त्याचा कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता, हे नंतर खऱ्या कंपनीकडे चौकशी केल्यावर कळलं.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी घरीच होते. दार उघडून बघणं, आत कान देणं, यातलं काही न करता तो थेट फ्रिजच्या मागे गेला. मला कॉम्प्रेसरला हात लावायला सांगितला. चटकाच बसला. "बघा ताई, किती तापलाय. लोड येतोय त्याच्यावर." मग नळीला कान लावायला लावला. आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. "गॅस कमी झाला की असाच वाजतो." शेवटी त्याने प्लग काढला आणि लगेच पुन्हा लावला. कॉम्प्रेसर नुसता घुमला, टक् आवाज झाला आणि गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. "उचलतच नाहीये आता. आज गॅस भरून बघू, नाहीतर कॉम्प्रेसर जाईल."

या तिन्ही गोष्टी धडधाकट फ्रिजमध्येही अशाच दिसतात. चालू कॉम्प्रेसर हात टिकणार नाही इतका तापतो, ते त्याचं रोजचंच आहे. बुडबुड्यांचा आणि सूं सूं असा आवाज गॅस कॅपिलरीतून (केसासारख्या बारीक नळीतून) बाष्पीभवकात, म्हणजे आतल्या गार होणाऱ्या कॉइलमध्ये, शिरताना येतो, म्हणजे गॅस फिरतोय. आणि तिसरी तर निव्वळ चलाखी होती. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांमधला जास्त आणि कमी दाब सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच वीज दिली तर मोटर त्या दाबावर फिरू शकत नाही, जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) तिची वीज तोडतो. पाच-सात मिनिटं थांबून प्लग लावला असता तर कॉम्प्रेसर नेहमीसारखा सुरू झाला असता. फ्रिजच्या सूचनापुस्तिकेतही म्हणूनच लिहिलेलं असतं की बंद केल्यावर लगेच चालू करू नका. हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. प्लग काढून लगेच लावणं हा त्याच्या दाखवण्याचा भाग होता.

त्याने सगळं सामान बाहेर काढायला लावलं, दोन्ही दारं उघडी ठेवली, मागची चार्जिंगची (गॅस भरायची) नळी कापून तिला गॅस भरायची पिन लावली आणि डब्यातून गॅस सोडला. नळ्यांतली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप नाही, वजनकाटा नाही, ओलावा टिपणारा फिल्टर बदलला नाही, गळती शोधली नाही. काम संपवून फ्रिज सुरू केला तर घरघर खरंच थांबलेली! आम्ही पैसे दिले.

आवाज का थांबला याचं उत्तर पुढे मिळालं, आणि या फसवणुकीतली खरी मेख तीच आहे. दारं इतका वेळ उघडी राहिल्यामुळे पंख्याला घासणारा आतला बर्फ वितळला होता.

काही दिवसांत घरघर परत आली आणि या वेळी गारवाही कमी झाला. फ्रिजमधून कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर बाहेरून दव आणि पांढरा थर दिसायला लागला. पुन्हा फोन केला तेव्हा तो माणूस नेमका आई एकटी असताना आला. "मावशी, मी वाचवायचा प्रयत्न केला, पण कॉम्प्रेसर गेलाच. आता नवीनच टाकावा लागेल." जुना कॉम्प्रेसर कंपनीत जमा करावा लागतो, असं सांगून तो घेऊन गेला. पावतीवर कंपनीसारखंच बोधचिन्ह, पण पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. वर्षभराची हमी पेनाने लिहिलेली. आईला आजही वाटतं की तिने मला विचारायला हवं होतं. मी तिला सांगितलंय आणि इथेही लिहिते: दोष तिचा नाही. ओळख खोटी, कागद खोटा, निदान खोटं, आणि समोर एकटं वयस्क माणूस बघून घाई केलेली. दोष फसवणाऱ्याचाच आहे.

नव्या म्हणवल्या गेलेल्या कॉम्प्रेसरनंतरही तीच खरखर, दार उघडलं की बंद. त्या नंबरवर आधी आज-उद्या झालं, मग तो माणूस काम सोडून गेल्याचं सांगितलं आणि नंतर फोनच लागेना.

शेवटी ओळखीतून एक जुने मेकॅनिक आले. त्यांचा पहिला प्रश्न, "दार उघडल्यावर आवाज थांबतो का?" हो म्हटल्यावर त्यांनी वरचं दार उघडं ठेवूनच दाराचं बटण बोटाने दाबलं. लगेच खरखर सुरू. बोट काढलं, बंद. अशा फ्रिजमध्ये दार उघडलं की आतला पंखा थांबतो आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो. त्यामुळे दारासोबत थांबणारा आवाज कॉम्प्रेसरचा नसतो, आतल्या पंख्याचा असतो. मग त्यांनी प्लग काढून फ्रीझरच्या आतलं मागचं झाकण उघडलं. कॉइलवर बर्फाचा गठ्ठा साठून पंख्याच्या पात्यापर्यंत आला होता.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज ठरावीक वेळाने कॉम्प्रेसर थांबवून आतला हीटर लावतो आणि कॉइलवरचा बर्फ वितळवतो. कॉइलला लावलेला बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा छोटा स्विच) ही वीज हीटरपर्यंत जाऊ देतो. आमच्याकडे तोच छोटासा भाग निकामी झाला होता. हीटर लागत नव्हता, बर्फ साचत होता आणि पंखा त्यावर घासत होता. त्यांनी मीटर लावून हीटर शाबूत असल्याचं मला दाखवलं, बायमेटल बदलला, बर्फ आपोआप वितळू दिला. तो आवाज तेव्हापासून आलेला नाही.

मग त्यांनी मागे पाहिलं. कॉम्प्रेसरवर ताजा काळा रंग, अगदी पट्टीवरसुद्धा. तोंडाच्या नळ्यांवर आधीच्या वेल्डिंगचे कडे. रंग खरवडल्यावर पट्टीवर गॅसचं नाव निघालं आर-६००ए, आणि आमचा फ्रिज आर-१३४एचा. या दोन गॅसचे दाब वेगळे, म्हणून त्यांचे कॉम्प्रेसरही वेगळे बनवतात. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी फ्रिजमधून काढलेला, रंगवलेला, आमच्या फ्रिजला न जुळणारा कॉम्प्रेसर आम्हाला नवा म्हणून विकला होता. तो काढून योग्य कॉम्प्रेसर बसवेपर्यंत तिसऱ्यांदा खर्च झाला.

आता थोडं गॅसबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे याच नावाखाली उकळले जातात. फ्रिजमधला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती जागा दाखवता आलीच पाहिजे. खरोखर गॅस कमी झाला तर आधी गारवा घटतो, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे गरम होत नाहीत आणि कॉइलच्या थोड्याच भागावर बर्फ धरतो. नुसती घरघर हे गॅस कमी झाल्याचं लक्षण नाही. नीट काम करणारा माणूस गळती शोधून जोडतो, नायट्रोजनचा दाब देऊन तपासतो, फिल्टर ड्रायर बदलतो, व्हॅक्यूम मारतो आणि पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरतो. याला तासन्‌तास लागतात. झटपट गॅस मारून निघणाऱ्याने हवा आणि ओलावाही आत सोडलेला असतो. गॅस जास्त झाला तर परतीच्या नळीवर बाहेरून दव-बर्फ धरतो, जसा आमच्याकडे धरला.

कोणालाही बोलावण्याआधी आवाज कुठून येतो ते स्वतः बघा. दारासोबत थांबतो का, हे पहिलं. थांबत नसेल तर फ्रिज डुलतोय का बघा, पाय फिरवून समतोल करा, भिंतीपासून थोडा पुढे ओढा. वर ठेवलेल्या वस्तू काढा. मागे कॉम्प्रेसरवर पाणी सुकण्याचा ट्रे असतो, तो सैल झाला की प्रचंड थडथडतो. नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागत असतील तर तिथे हात लावताच आवाज बदलतो, पण नळी गरम असते, जपून. कॉम्प्रेसरखालचे रबर जुने होऊन कडक झाले की सगळी थरथर पत्र्यात उतरते. रबर बदलणं हे किरकोळ काम आहे. काही फ्रिजमध्ये खाली आणखी एक पंखा असतो, त्यात धूळ आणि केस अडकतात. मागचं झाकण उघडायचं तर प्लग काढूनच. आणि आतला बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीच टोकरू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल.

काही मिनिटांनी घूं… टक् असं सारखं होतंय आणि गारवाही नाही, तर गोष्ट वेगळी. फ्रिज बंद करा. पण तेव्हाही कॉम्प्रेसर गेला असं लगेच मान्य करू नका. व्होल्टेज कमी असू शकतं, आणि पुष्कळदा दोष स्टार्टिंग रिलेचा, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या छोट्या भागाचा असतो. काढून हलवल्यावर रिले आतून खुळखुळला तर तो फुटलेला असू शकतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरची तपासणी तुमच्यासमोर मीटरवर होऊ शकते. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांपैकी (कॉमन, स्टार्ट, रन) कॉमन ते स्टार्ट आणि कॉमन ते रन या ओहमच्या दोन आकड्यांची बेरीज स्टार्ट ते रन या आकड्याइतकी यायला हवी, आणि कोणत्याही पिनेचा बॉडीशी संपर्क मीटरवर दिसता कामा नये. वायंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) शाबूत असूनही कॉम्प्रेसर आतून जाम झालेला असू शकतो, म्हणून आधी नवा रिले लावून चालवून बघायला सांगा. हे न करता जो कॉम्प्रेसर गेला म्हणतो, त्याने काही तपासलेलंच नाही.

पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर आणखी सावध राहा. तो आयसोब्युटेन आहे, पेट घेतो. त्याच्या नळ्यांशी घरात टॉर्च पेटवून काम करणारा माणूस या गॅसचं काम शिकलेलाच हवा.

नंबर घ्यायचा तो फ्रिजवरच्या पट्टीवरून, पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. काम सुरू होण्याआधी कॉम्प्रेसरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, नव्या भागाच्या पट्टीचाही काढा आणि मॉडेल व गॅसचं नाव पावतीवर लिहून घ्या. काढलेला कॉम्प्रेसर सहसा तुमच्या मालकीचा असतो. त्यात सहसा तांब्याचं वायंडिंग असतं, भंगारातही त्याचे पैसे येतात, आणि चालू असेल तर तो रंगवून पुढच्या घरी नवा म्हणून बसतो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग घरातच राहील, हे प्लग काढण्याच्या आधीच सांगून टाका. घरी आई-वडील एकटे असतील तर त्यांनाही हे लिहून द्या, आणि दुरुस्तीची वेळ तुम्ही तिथे असाल तेव्हाचीच घ्या.