'सोल्यूशन'पुढे 'ऑन' की 'टू'? बीबीआय कोशाचे परीक्षण

इंग्रजी लिहिताना मराठी माणूस अवघड शब्दांपेक्षा छोट्या शब्दांपाशी जास्त अडखळतो. समस्येवर उपाय शोधायचा असतो, म्हणून हात सहज 'सोल्यूशन ऑन द प्रॉब्लेम' असे लिहून जातो. पाण्याची मागणी असते, म्हणून 'डिमांड ऑफ वॉटर' होते. कोणावर तरी श्रद्धा असते, म्हणून 'फेथ ऑन' होते. या तिन्ही ठिकाणी नाम बरोबर निवडलेले असते आणि वाक्यरचनाही ठीक असते. चुकतो तो नामाला चिकटलेला एक लहानसा शब्द ('सोल्यूशन टू', 'डिमांड फॉर', 'फेथ इन' हवे), आणि तेवढ्याने सगळे वाक्य परके वाटू लागते. भाषांतर आणि मुद्रितशोधन ही माझी रोजची कामे असल्यामुळे या लहान शब्दांसाठी मला सतत कोणाला तरी विचारावे लागते. अनेक वर्षे ज्याला विचारत आलो, त्या कोशाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

हा कोश म्हणजे बीबीआय. मॉर्टन बेन्सन, एव्हलिन बेन्सन आणि रॉबर्ट इल्सन या तीन संपादकांच्या आडनावांची आद्याक्षरे मिळून हे नाव तयार झाले आहे. ॲम्स्टरडॅमच्या जॉन बेंजामिन्स या प्रकाशनसंस्थेने तो 1986 मध्ये प्रथम काढला. सुधारित आवृत्ती 1997 मध्ये आणि तिसरी 2010 मध्ये आली. शब्दाचा अर्थ सांगणे हे या कोशाचे काम नाही. एखादा शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो, एवढेच तो सांगतो. अर्थासाठी वेगळा कोश जवळ ठेवावाच लागतो, कारण एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे ओळखता यावेत एवढ्यापुरतीच खूण इथे मिळते. उच्चारही नाहीत. या दोन्ही गोष्टी मला उणिवा वाटत नाहीत. त्या वगळल्यामुळेच पानावर जोड्यांना भरपूर जागा मिळाली आहे.

या कोशाचे मोठेपण त्याच्या शोधण्याच्या नियमात आहे. शब्दसमूहात नाम असेल तर ते नाम उघडून पाहायचे. दोन नामे असतील तर दुसरे पाहायचे. नाम नसेल तर विशेषण आणि विशेषणही नसेल तर क्रियापद. वरवर ही सोयीसाठी केलेली व्यवस्था वाटते, पण तिच्यामागे भाषेविषयीचे एक नेमके निरीक्षण आहे. प्रिपोझिशन कोणते यायचे हे बहुतेक वेळा नाम ठरवते. शाळेत आपण 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'ॲट' म्हणजे एखाद्या ठिकाणी, असे प्रिपोझिशनचे अर्थ पाठ करतो आणि मग त्या अर्थांच्या आधारे वाक्य बांधायला जातो. पेटीच्या आत आणि टेबलाच्या वर असेपर्यंत हे चालते. 'सोल्यूशन', 'अपॅथी', 'एम्फसिस' अशी अमूर्त नामे आली की आत-बाहेर, वर-खाली काही उपयोगी पडत नाही. तिथे नामालाच विचारावे लागते, आणि बीबीआय नेमके तेच करायला लावतो.

व्याकरणिक जोड्यांचे आठ गट संपादकांनी केले असून त्यांना जी 1 ते जी 8 असे क्रमांक दिले आहेत. माझ्या रोजच्या कामाचे त्यातले दोन. जी 1 मध्ये नाम आधी आणि प्रिपोझिशन नंतर येते: 'अपॅथी टोवर्ड्स', 'ब्लॉकेड अगेन्स्ट'. जी 4 मध्ये क्रम उलटा असतो: 'बाय ॲक्सिडेंट', 'इन ॲडव्हान्स', 'ॲट अँकर'. पहिल्या गटात संपादकांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला आहे. 'ऑफ' हे प्रिपोझिशन बहुसंख्य नामांना सहज लागते आणि त्याचा अंदाज कोणालाही करता येतो, म्हणून अशा जोड्या त्यांनी सहसा दिलेल्याच नाहीत. त्यामुळे नोंदीत काही नसेल तर बहुधा 'ऑफ' चालते, आणि काही असेल तर ते मुद्दाम लक्ष द्यावे असेच असते. सवय होईपर्यंत हे मौन खटकते. नंतर त्याचाही उपयोग होऊ लागतो.

मराठी वाचकाला या कोशातून जो धडा मिळतो, तो कोणत्याही संपादकाने मुद्दाम लिहिलेला नाही. तो नोंदी आपल्या भाषेशेजारी ठेवून पाहताना आपोआप उलगडतो. किमतीत वाढ होते आणि इंग्रजीतही 'इन्क्रीज इन' असते. संगीतात रस असतो आणि तिथेही 'इंटरेस्ट इन'. पिकांवर परिणाम होतो आणि तिथेही 'इफेक्ट ऑन'. नियमाला अपवाद असतो आणि तिथेही 'एक्सेप्शन टू'. इथवर सगळे इतके सुरळीत जुळते की मन गाफील होते. मग प्रश्नाचे उत्तर 'आन्सर ऑफ' होते, खरे तर ते 'आन्सर टू' हवे. कुलपाची किल्ली 'की ऑफ' होते, ती 'की टू' हवी. आणि उशिराचे कारण 'रीझन ऑफ' होते, ते 'रीझन फॉर' हवे. या शेवटच्या जोडीत तर आणखी एक खोच आहे. 'रीझन'ला 'फॉर' लागते, पण त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याला, म्हणजे 'कॉज'ला, 'ऑफ' लागते: 'कॉज ऑफ द फायर'. मराठीत दोन्हींना 'कारण' हा एकच शब्द आणि 'चे' हा एकच प्रत्यय पुरतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे सुटत नाही.

क्रियापदाचे नाम झाले की प्रिपोझिशन बदलते, ही दुसरी अडचण. 'डिस्कस' या क्रियापदाला काहीच लागत नाही, पण 'डिस्कशन' झाले की 'ऑफ' किंवा 'अबाउट' हवे. 'एम्फसाइज' एकटे उभे राहते, 'एम्फसिस'ला 'ऑन' लागते. विशेषणांचेही तसेच: 'प्राउड ऑफ' पण 'प्राइड इन', 'फॉन्ड ऑफ' पण 'फॉन्डनेस फॉर'. एका घरातली ही भावंडे, पण प्रत्येकाची सोबत वेगळी. 'डिस्कस अबाउट' ही जी सर्वत्र ऐकू येणारी चूक आहे, ती मूळची 'डिस्कशन'ची सोबत 'डिस्कस'ला दिल्यामुळे होत असावी, असे मला वाटते. बीबीआयमध्ये नाम, क्रियापद आणि विशेषण यांच्या नोंदी वेगवेगळ्या असल्यामुळे हा फरक पान उलटताच समोर येतो.

औपचारिक इंग्रजीकडे वळल्यावर मात्र हा कोश मला पुरा पडत नाही, आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. सरकारी मराठीत आपण 'च्या अनुषंगाने', 'च्या संदर्भात', 'च्या बाबतीत' अशा ज्या साखळ्या वापरतो, तशाच साखळ्या औपचारिक इंग्रजीत असतात: 'इन अकॉर्डन्स विथ', 'विथ रिगार्ड टू', 'ऑन बिहाफ ऑफ', 'इन द इव्हेंट ऑफ'. मध्ये एक नाम आणि दोन्ही बाजूंना प्रिपोझिशन, अशी त्यांची घडण. या साखळीत अडकलेले नाम आपले स्वातंत्र्य गमावते. त्याचे अनेकवचन करता येत नाही, म्हणून 'विथ रिगार्ड्स टू' चूक ठरते. मात्र 'ॲज रिगार्ड्स' मध्ये तो 'स' हवाच असतो, कारण तिथे 'रिगार्ड्स' हे क्रियापद आहे. आर्टिकलही मनाप्रमाणे घालता किंवा काढता येत नाही. 'इन व्ह्यू ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट लक्षात घेता, आणि 'विथ अ व्ह्यू टू' म्हणजे एखाद्या हेतूने. नाम तेच, पण आजूबाजूचे दोन-तीन लहान शब्द बदलले की अर्थ पार वेगळा.

माझ्याच एका कामात हे घडले. एका कराराच्या भाषांतरात 'अज्ञान व्यक्तींच्या बाबतीत' (अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत अल्पवयीन) या शब्दांसाठी मी 'इन केस ऑफ मायनर्स' असे लिहिले होते. तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'इन' आणि 'केस' यांच्या मध्ये लाल शाईने 'द' लिहून कागद परत केला. 'इन केस ऑफ फायर' म्हणजे आग लागलीच तर. 'इन द केस ऑफ मायनर्स' म्हणजे अज्ञान व्यक्तींपुरते. एका 'द'च्या अभावी माझ्या वाक्यात अज्ञान व्यक्ती ही आगीसारखी उद्भवणारी आपत्ती झाली होती. असा फरक समजण्यासाठी पूर्ण उदाहरणवाक्य हवे असते, आणि बीबीआयमध्ये जोडी मिळाली तरी तिच्यासोबत वाक्य मिळेलच याची खात्री नसते.

ही साखळी पत्रात शोभेल की बोलण्यातही चालेल, हा प्रश्नही बहुतेक नोंदींत अनुत्तरित राहतो. रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस 'विथ रिगार्ड टू युवर लेटर' म्हणत नाही, तो 'अबाउट युवर लेटर' म्हणतो. 'इन द इव्हेंट ऑफ रेन' फलकावर असते, तोंडात 'इफ इट रेन्स' असते. शिकणाऱ्याला दोन्ही जोड्या बरोबर असल्याचे कळून पुरत नाही; कोणती कुठे वापरायची हेही कळावे लागते. नाहीतर मित्राला लिहिलेल्या चार ओळीही नोटिशीसारख्या वाटतात. कोणती जोडी किती वेळा वापरात येते याचाही अंदाज कोश देत नाही, त्यामुळे दुर्मीळ जोडी आणि रोजची जोडी एकाच ओळीत सारख्याच मानाने बसलेली दिसतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन वापरातला फरक मात्र संपादकांनी मनापासून नोंदवला आहे. रुग्ण म्हणून दाखल असलेला ब्रिटिश माणूस 'इन हॉस्पिटल' असतो आणि अमेरिकन माणूस 'इन द हॉस्पिटल'. अशा ठिकाणी बीई (ब्रिटिश इंग्लिश) आणि एई (अमेरिकन इंग्लिश) या खुणा असतात. एकाच मजकुरात दोन्ही पद्धतींची सरमिसळ होऊ नये यासाठी मुद्रितशोधकाला याहून हाताशी दुसरे साधन नाही. क्रियापदांच्या रचनांचे ए ते एस असे एकोणीस नमुने जी 8 मध्ये आहेत; ते अभ्यासकांना उपयोगी असले तरी त्यांची अक्षरे माझ्या लक्षात कधी राहिली नाहीत आणि वापरताना त्यावाचून अडलेही नाही.

ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येते, ज्याचे अर्थाशी अडत नाही पण जोडीशी अडते, त्याने हा कोश निःशंक घ्यावा. अगदी नव्याने शिकणाऱ्याला तो कोरडा वाटेल. त्याने आधी उदाहरणवाक्ये देणारा एखादा शिकाऊ कोश वापरावा. माझ्या प्रतीत मी समासात पेन्सिलीने मराठी प्रत्यय लिहून ठेवले आहेत: 'आन्सर'शेजारी 'चे', 'कॉज'शेजारी 'चे', 'डिमांड'शेजारी 'ची'. जिथे आपला प्रत्यय आणि त्यांचे प्रिपोझिशन जुळत नाही, तिथे खाली एक रेघ ओढतो. 'डी' या अक्षरापर्यंत आलो आहे, आणि एकट्या 'डिमांड'च्या पानावर तीन रेघा झाल्या आहेत.