क्लोमिफीन की लेट्रोझोल? कॅन्सरच्या धास्तीतून पाहिलं तर

माझ्या जावेने मूल राहावं म्हणून दिलेली लेट्रोझोलची पट्टी हातात घेतली, फोनवर नाव शोधलं आणि पहिलंच समोर आलं, 'स्तनाच्या कॅन्सरचं औषध'. गोळी तशीच परत डब्यात. तिची भीती मला पुरती कळते, पण ते औषध कॅन्सर आणत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी करतं, म्हणून त्या आजारात देतात. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, तीही कॅन्सरमुळे नव्हे, बाळात व्यंग येईल या शंकेपोटी. पुढे ती उठली.

क्लोमिफीन ही त्याच कामाची दुसरी गोळी. तिच्यावरचा संशय जुना. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात बारा किंवा जास्त पाळ्या ते घेतलेल्या बायकांत अंडाशयाच्या गाठी जास्त दिसल्या. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा ठोस संबंध सापडला नाही. शिवाय मूल न झालेल्या बायकांत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. दोष गोळीचा की वंध्यत्वाचा, हे वेगळं काढणं अवघड.

पीसीओएस (संप्रेरकं बिघडून अंडं वेळच्या वेळी सुटत नाही, तो त्रास) असेल तर मी लेट्रोझोलच्या बाजूने. २०१४ च्या ७५० जणींच्या चाचणीत त्यावर २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीनवर १९.१. आणि क्लोमिफीन महिनोन्‌महिने नुसतंच चालू असेल, तर डॉक्टरांना विचाराच: सहा पाळ्या झाल्या, आता पुढे काय?