पार्ट्यांना पीडीएफ मेल करायच्यात: एक्सेल मॅक्रो की गुगल शीट?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अकाउंट्स बघणाऱ्या वहिनींनी विचारलं, दर महिन्याला प्रत्येक पार्टीला, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहार आहे त्यांना, तिचं लेजर (खात्याचा उतारा) पीडीएफ करून मेल करायचंय, एक्सेलचा मॅक्रो (एक्सेलमध्ये काम आपोआप करून देणारा छोटा कोड) लावू की गुगल शीटची ॲप्स स्क्रिप्ट (तसाच गुगलचा कोड)?

खर्चाचं आधी. गुगलला जीमेल खातं पुरतं. मॅक्रोला कॉम्प्युटरवर एक्सेल आणि जुनं म्हणजे क्लासिक आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम) लागतं, नव्या आउटलुकमध्ये हा मॅक्रो चालतच नाही, हे आधी तपासा वहिनी, नाहीतर सगळी मेहनत वाया.

मेहनत म्हणाल तर फाइली कॉम्प्युटरवरच असतील तर मॅक्रो सोपा, एका कॉलममध्ये ईमेल, शेजारी फाइलचा पूर्ण पाथ (कॉम्प्युटरवर ती कुठे ठेवलीय तो पत्ता), की झालं. कोडमध्ये सुरुवातीला 'सेंड'च्या जागी 'डिस्प्ले' ठेवा म्हणजे प्रत्येक मेल उघडून समोर येतो, एकाचं लेजर दुसऱ्याला जाणं फार वाईट हो, पैशांचा मामला असतो. गुगलला फाइली ड्राइव्हवर चढवाव्या लागतात, पण मग ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावला की कॉम्प्युटर बंद असला तरी मेल जातात.

मर्यादा: साध्या जीमेल खात्यावर स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो, वर्कस्पेसवर (गुगलच्या ऑफिससाठीच्या पैसे भरून घ्यायच्या खात्यावर) १५००. जीमेलवर अटॅचमेंट २५ एमबीच्या आतच ठेवा. मॅक्रोची फाइल मेलवरून आली असेल तर एक्सेल ती अडवतं, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावी लागते.

ऑफिसात एकाच टेबलावरून, डोळ्यांखालून घालून पाठवायचं असेल तर मॅक्रो. दोघं-तिघं मिळून काम करत असाल किंवा ठरल्या तारखेला आपोआप जायला हवं असेल तर गुगल. वहिनींना मी मॅक्रोच सांगितला.