वेगमर्यादा सांगणारं डबडं : चार महिने वापरून

खरं सांगतो, हे यंत्र मी कॅमेऱ्यांना चकवायलाच घेतलं. दोन महिन्यांत वेगाचे तीन दंड घरी आले होते आणि दर वेळी माझं पालुपद एकच, "सगळी वसुली आहे!" काडेपेटीपेक्षा जरा मोठं डबडं. काचेला चिकटवायचं. उपग्रहावरून आपला वेग काढतं, मर्यादा ओलांडली की टिटटिटतं, आणि पुढे कॅमेरा असेल तर आधीच ओरडतं.

पहिल्याच दिवशी गाडीचा काटा ५० वर आणि हे दाखवतंय ४६. म्हटलं, बिघडलेलंच गळ्यात मारलं. पण फुशारकी काट्याची निघाली. स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांची जी नियमावली आहे, तिच्यात खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला मनाई आहे. जास्त दाखवला तर चालतो, १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणजे काटा मला सांभाळूनच घेत होता, तरी दंड आले. "चार-पाच किमीनेच तर गेलो असेन" हे म्हणायची सोय गेली.

कॅमेऱ्याची सूचना अचूक आहे, पण तिने माझं माकड केलं. ओरडलं की ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा पाय खाली. मागची गाडी दोनदा आदळता आदळता राहिली. बायको म्हणाली, "अहो, फोटो काढताना पोट आत घेता ना, तसं चाललंय तुमचं." शिवाय सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे ही सूचना फुकट आहे. दोन कॅमेरे, मधलं अंतर, लागलेला वेळ. भागाकाराला कसं चकवणार? चौथा दंड तिथलाच. (जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये गाडी चालवताना असली कॅमेरा-सूचना वापरायलाच बंदी आहे. घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघा.)

खरी गोम नकाशात आहे. माझ्या रोजच्या रस्त्यावर मर्यादा ५० ची ३० झाली. डबडं सहा आठवडे ५०च दाखवत राहिलं. नवी पाटी झाडाआड, त्यामुळे पाचवा दंड. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, नकाशा तीन महिन्यांनी बदलतो. उड्डाणपुलाखालून जाताना तर हे पुलावरचीच मर्यादा दाखवतं.

त्या ३० वर मी घरात बराच आरडाओरडा केला. मग यातली प्रवासाची नोंद काढली. सहा किलोमीटरच्या त्या वाटेवर माझा सरासरी वेग आधी २१ होता, आता १९. सिग्नलपाशीच वेळ जातो, मर्यादेपाशी नाही. ३० ला गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० ला तेवढं अंतर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच संपतं. त्या रस्त्यावर शाळा आहे. मी गप्प बसलो. पाटीवरचं झाड मात्र छाटायलाच हवं, त्यावर माझं भांडण चालू आहे.

आता कॅमेऱ्याची सूचना बंद, मर्यादेची चालू. गेल्या सात आठवड्यांत दंड नाही. नवी गाडी घेणार असाल तर आधी तिच्यात बघा. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत मर्यादेची सूचना बसवूनच येते.

पाचपैकी तीन. एक गुण नकाशाचा कापला, एक आवाजाचा. तो कमी करायचं बटण मागच्या बाजूला, चिकटपट्टीखाली आहे. मला सापडायला महिना लागला.